शंकासमाधान : कारखान्यातली श्रद्धा

शंका : चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. खंडेनवमीला आम्ही मशीनना हार घालतो, नारळ वाढवतो. यंदा लाइनवरचा एक बौद्ध ऑपरेटर म्हणाला, "सर, मशीन लख्ख पुसून देतो, पण पूजेला उभा राहणार नाही." बाकीची पोरं दुखावली आहेत. काय करावं?

समाधान : पोरांना वाईट वाटलं हे समजण्यासारखं आहे, पण ऑपरेटरचं काही चुकलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, हा त्यातलाच शब्द. तुमच्याच पट्ट्यात, देहूरोडला, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. म्हणजे तुमच्या ऑपरेटरची निष्ठा तुमच्या पूजेइतकीच इथल्या मातीतली आहे. तो तुमच्या देवाचा अपमान करत नाही, स्वतःचा शब्द पाळतो आहे. पूजा जरूर करा. वर्गणी आणि हजेरी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवा. पेढा त्याच्यापुढेही धरा. नको म्हणाला तर आग्रह नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला त्याने रजा मागितली, तर शिफ्टचं वेळापत्रक लावतानाच ती धरून चला.

शंका : मी माळकरी आहे, भोसरीला लेथवर काम करतो. नवे सेफ्टी ऑफिसर माळ काढायला सांगतात. माळ उतरवली तर व्रत मोडतं. नोकरी सोडू का?

समाधान : नोकरी सोडण्याची घाई करू नका. फिरत्या चकला माळ, गंडा, गमछा, सैल बाही सारखीच. जे सापडेल ते तो हातासकट, गळ्यासकट ओढून घेतो. चालत्या यंत्राशी अंगासरसे घट्ट कपडे घालूनच काम करायचं, हा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचा आहे. तेव्हा माळ आखूड करून गळ्यालगत घाला, शर्टाच्या आत ठेवा, वरचं बटण लावा आणि हे ऑफिसरना प्रत्यक्ष दाखवा. त्यांचं समाधान झालं नाही, तर तपासणीसारख्या कामावर बदली मागा. मात्र साहेबांची सोनसाखळी चालते आणि तुमची माळ चालत नाही, असं असेल तर तो दुजाभाव आहे. तिथे युनियनकडे जा. अरणच्या मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहणाऱ्या सावतोबांचे तुम्ही वारस. कामाची शिस्त तुमच्या भक्तीच्या आड येणारी नाही.

शंका : आम्ही काही जण शाकाहारी आहोत. मासे-मटणाचे डबे आणणाऱ्यांना कँटीनबाहेर बसवावं, अशी मागणी एचआरकडे करणार आहोत. यात गैर काय?

समाधान : वास सोसवत नाही ही तुमची अडचण खरी आहे. पण मागणी वेगळीच आहे. एक जुनं उदाहरण पाहा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. तिथे विटाळ होईल म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात बरा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणकरांची भावना खोटी नव्हती, पण तिची किंमत दुसऱ्याचं पोट मोजत होतं.

तुमच्या मागणीलाही हीच कसोटी लावा. माझ्या व्रताची तोशीस मी सोसतो आहे, की दुसऱ्यावर टाकतो आहे? स्वतःसाठी वेगळं टेबल मागणं, वाढायचे चमचे आणि भांडी वेगळी मागणं, चांगला एक्झॉस्ट फॅन मागणं, हे सगळं रास्त आहे. तासन्‌तास उभं राहून आलेल्या सहकाऱ्याला त्याच्या डब्यासकट दाराबाहेर काढणं रास्त नाही. बहुतेक वेळा त्या डब्यात त्याच्या घरी परवडलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या रांधलेलं अन्न असतं. एचआरकडे जरूर जा, पण पंख्याचा आणि टेबलाचा अर्ज घेऊन जा. त्यावर मासे खाणाऱ्यांचीही सही मागा. बहुतेक जण आनंदाने करतील.