लेकराच्या मनाचा आजार आणि आपले घर
(वर्षावासात विहारात दिलेल्या प्रवचनावरून)



आपण दीक्षा घेतली. देव्हारे उचलले, बावीस प्रतिज्ञा उभ्याने म्हटल्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. हे सर्व आपण दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत केले. पण घरातले लेकरू रात्री दचकून उठू लागले, जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, की त्याच घरातली एखादी माउली तिन्हीसांजेला पदराआड लिंबू घेऊन मागल्या दाराने बाहेर पडते. मी तिला दोष देत नाही. देव काढा असे सांगणारे आम्ही पुष्कळ आहोत. देवऋष्याच्या जागी आता कोणाकडे जायचे, हे तिला कोणी सांगितले काय? आज त्याविषयीच बोलायचे आहे.

मनाचा दवाखाना म्हटले की आपल्याला येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी आठवते. मोठी भिंत, लोखंडी फाटक, आत गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत. म्हणून आईबाप लेकराचा आजार झाकतात. पण बहुतेक मुलांना दवाखान्यात ठेवावे लागतच नाही. मूल सकाळी आईबापांबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे आपण ज्याला ओ.पी.डी. म्हणतो तेथे जाते, केसपेपर निघतो, बोलणे होते आणि संध्याकाळी ते आपल्या अंथरुणात झोपते. पुन्हा आठ-पंधरा दिवसांनी जाते. औषध लागले तर देतात, पुष्कळांना लागतही नाही.

आणि ही थोड्यांची गोष्ट नव्हे. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशात जी राष्ट्रीय पाहणी केली, तीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत मानसिक आजाराचे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. मी शिक्षक आहे, मला हा आकडा वर्गाच्या हिशेबाने कळतो. साठांच्या वर्गात चार मुले. ती कोणत्या बाकावर बसतात हे बहुधा कोणालाच माहीत नसते.

एका घराची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी आठवीत, अभ्यासात पुढे. दिवाळीनंतर असे होऊ लागले की सकाळी दप्तर उचलले की पोटात कळ. डॉक्टरांनी पोट तपासले, सोनोग्राफी झाली, काही निघेना. रविवारी मात्र पोट दुखत नसे. बाप म्हणाला, नाटक करते. आजी म्हणाली, बाहेरचे लागले, अमावास्येला विहिरीवर गेली होती. बापाने पट्टा काढला, आजीने भगत आणला. भगताने मिरच्यांची धुरी दिली. पोर घुसमटून किंचाळली, तेव्हा तो म्हणतो, बघा, आतले बोलू लागले! मिरचीच्या धुरात कोण किंचाळणार नाही? भगत स्वतः तरी गप्प बसला असता काय?

शेवटी वस्तीतल्या आशाताईंनी आईला जिल्हा रुग्णालयात नेले. तेथल्या बाईंनी आधी आईचे ऐकले. मग आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलल्या. पहिल्या खेपेस मुलगी काही बोलली नाही, नुसती चित्र काढीत बसली. तिसऱ्या खेपेस बोलली. बाबा रात्री पिऊन येतात, आईला मारतात. मी शाळेत असताना आईला काही झाले तर? बंधु-भगिनींनो, ती पोर शाळा चुकवीत नव्हती. ती आईची राखण करीत होती.

आता अशा वेळी केवळ मुलीला गोळी देऊन काय होणार? म्हणून बापाला बोलावणे गेले. बाप म्हणाला, वेडी ती आहे, मी कशाला येऊ? तीन वेळा आला नाही. दर पौर्णिमेला विहारात पंचशील मोठ्या आवाजात म्हणणारा हा माणूस. पाचवे शील त्याला तोंडपाठ होते. दवाखान्यातल्या समाजसेवकाने पुन्हा फोन केला, तेव्हा चौथ्या खेपेस आला. लेकीचे म्हणणे त्याने तिच्या तोंडून, दुसऱ्या माणसासमोर, प्रथमच ऐकले. त्याला व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवले. आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती दिली, कारण घरात मार चालू असेल तर लेकराला 'भिऊ नकोस' म्हणणे हा खोटेपणा होतो. मग शाळेची पायरी-पायरीने तयारी. पहिल्या आठवड्यात गणवेश घालून फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. नंतर एक तास ग्रंथालयात बसायचे. नंतर मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात. भीती वाटली तरी पळायचे नाही, थांबायचे. भीती चढते आणि आपोआप उतरते, हे तिला स्वतःच्या अनुभवाने कळू द्यायचे. मुख्याध्यापकांनी सहकार्य केले. आता ती बहुतेक दिवस शाळेत बसते. पोट अजून कधीमधी दुखते. बाप दोनदा घसरला, पुन्हा उपचाराला गेला.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक आजारी लेकरामागे दारुडा बाप असतोच. शुद्ध आचरणाच्या, प्रेमळ घरातही मूल उदास होते, हात पुन्हा पुन्हा धूत बसते, कानात आवाज ऐकू येतात म्हणते. काही मुले जन्मतःच चंचल, काहींना दुसऱ्यांत मिसळता येत नाही. दोषी शोधण्यासाठी घराला बोलावीत नाहीत. लेकरू आठवड्यातला अर्धा-पाऊण तास तज्ज्ञापुढे असते, उरलेला सगळा आठवडा आपल्यापुढे. शिकायचे आहे ते आपल्यालाच: चांगले वागले ते त्याच क्षणी बोलून दाखवायचे, सांगायचे ते थोडक्यात सांगायचे, मारायचे नाही, शेजारच्या पोराशी तुलना करायची नाही.

शाळेत किंवा वसतिगृहात जातीवरून कोणी टोचून बोलत असेल तर तेही तज्ज्ञाला स्पष्ट सांगा. ते ऐकून लाजायचे आपण नव्हे. अपमानाने खचलेल्या मुलाच्या मनाला आधार द्यावा लागतो हे खरे. पण अपमान करणाऱ्याचा बंदोबस्त शाळेत आणि गरज पडल्यास पोलिसांत करावा लागतो; तो गोळीने होत नाही.

तथागतांच्या काळची पटाचारा आपणांस माहीत आहे. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने नेले, थोरले नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ वादळात घर कोसळून मेले. तिचे भान हरपले, अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून माती-केर फेकून मारीत. ती जेतवनात आली तेव्हा लोक अडवू लागले. भगवंतांनी तिला येऊ दिले, भानावर ये भगिनी, असे म्हटले. कोणीतरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मग तिने सगळे सांगितले आणि भगवंतांनी ते सगळे ऐकले. उपदेश त्यानंतरचा. यात कोठे लिंबू आहे काय, कोठे झाडू आहे काय, झाड सोड म्हणून दरडावणे आहे काय? पुढे हीच पटाचारा भिक्खुणीसंघात विनय जाणणाऱ्यांत अग्रगण्य ठरली.

एक गोष्ट मला टोचते, ती बोलून टाकतो. काही घरी गंडा गेला आणि त्या जागी परित्राण पाठाचा दोरा आला. मूल आजारी पडले की तोच बांधायचा, पाणी शिंपडायचे आणि दवाखाना टाळायचा. मग आपण बदललो ते काय? वंदनेने घरात शांती येते, लेकराला आपण त्याच्या जवळ आहोत असे वाटते, हे मी मानतो. आनापानानेही पुष्कळांना लाभ होतो. पण कानात आवाज ऐकणाऱ्या मुलाला डोळे मिटून तासन्‌तास बसवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. पूज्य भन्तेजींनाही माझी विनंती आहे की असे घर दिसले तर पाठ म्हणावा आणि दवाखान्याचा पत्ताही द्यावा.

ज्या घरी भगत बसला आहे त्यांनी कायदाही जाणावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, चटके देणे हा त्यात गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस रुग्ण पळता न आल्याने जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा त्या कायद्याने आपला हक्क आहे. तेथे आपण कोणाच्या दयेवर जात नाही.

कोवळ्या वयाची मुले जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतात, ती धमकी म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, मरावेसे वाटते का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, लेकराला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. याच कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानले आहे, शिक्षेस पात्र नव्हे.

विनयात गग्ग भिक्खूची कथा आहे. वेडाच्या भरात त्याने भिक्खूला न शोभणारे वर्तन केले. बरा झाल्यावरही इतर भिक्खू त्याला तेच विचारीत, आठवते का तू काय केलेस? तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की भान नसताना घडलेल्या गोष्टीचा दोष भानावर आलेल्याला लावू नये. आमच्या घरांत बरी झालेली पोर पाच वर्षांनी लग्नाला उभी राहते आणि मावशी-आत्या दारात कुजबुजतात. त्यांना गग्गाची गोष्ट सांगा.

आता जाण्याविषयी. तज्ज्ञ थोडे आणि गर्दी फार, तेव्हा सकाळी लवकर जा. मुलाची शाळेची वही, आधीचे कागद, चालू गोळ्या बरोबर घ्या. झोप, भूक, शाळा कधीपासून बिघडली ते घरीच लिहून काढा. शक्य तर आईबाप दोघे जा. किशोरवयीन मुलाशी डॉक्टर एकटे बोलले तर दाराला कान लावू नका; जिवाला धोका असेल तर ते तुम्हांला सांगतातच. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाची बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार बोलू लागले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत जे सल्ला केंद्र चालते, त्याला आपल्या महाराष्ट्रात 'मैत्री' नाव आहे. नाव आपल्या ओळखीचेच आहे. जिल्ह्याला जाणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते.

आमच्या विहाराच्या फळ्यावर पौर्णिमेच्या कार्यक्रमाखाली आता दोन ओळी जास्त असतात: मानसोपचार ओ.पी.डी. कोणत्या वारी, आणि त्या दिवशी जिल्ह्याला जाणारी पहिली एस.टी. किती वाजता. खडूने लिहितो, कारण वार बदलतात.