चांगल्या बाई कोणत्या वर्गाला?



दर तीन वर्षांनी पुनरुत्थान काळाच्या पाचव्या रविवारी 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील वाचन येते. शाळांना सुट्टी लागलेली असते, घरोघरी लग्नांची गडबड असते आणि हे वाचन बहुधा आपल्या कानांवरून निघून जाते. प्रसंग असा आहे : यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती समूहात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. म्हणून कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी खोलीचे दार लावून नवी यादी केली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि ह्या कामासाठी सात जण तुम्हीच निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे वाचून पाहा : स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन... सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या ताटात कमी पडत होते, बहुधा त्यांच्याच हाती पळी देण्यात आली.

हे वाचन शाळा उघडण्याच्या तोंडावर येते हे बरे आहे. कारण शाळेतही वाटप असते. तिथे वाटायचा असतो चांगला शिक्षक, आणि तो सर्वांना पुरत नाही.

शाळेचे व्यवस्थापक म्हणून मे महिन्यात आम्हाला बरेच फोन येतात. "फादर, अमुक बाई आमच्या मुलीच्या वर्गाला द्या." ह्यात गैर काही नाही. आईबापांनी आपल्या लेकराचे भले मागू नये तर कोणी मागावे? पण 'क' तुकडीतून असा फोन आम्हाला आजवर आलेला नाही. त्या तुकडीत आपल्या वाड्यांमध्ये खुरपणीला आणि फुले खुडायला येणाऱ्या वारली कुटुंबांची मुले आहेत, नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची आहेत, आणि काही आपल्याच धर्मग्रामातील आहेत. त्या वर्गाला नुकत्याच रुजू झालेल्या बाई मिळतात, किंवा पद रिकामे असेल तर ते तिथेच रिकामे राहते. कोणी दुष्टपणाने असे ठरवलेले नसते. जिकडून फोन येतात तिकडे बाई जातात, एवढेच.

गेल्या वर्षी आम्ही ठरवले की सर्वांना विचारून वेळापत्रक करायचे. पालकसभा बोलावली. बुधवार, सकाळी अकरा वाजता. सभागृह भरले, चर्चाही चांगली झाली. गणित आणि विज्ञानाचे अनुभवी शिक्षक दहावी 'अ' कडेच ठेवावेत असे ठरले आणि आम्ही इतिवृत्तात 'सर्वानुमते' असा शब्द लिहिला. 'क' तुकडीचे दोनच पालक आले होते. ते मागच्या बाकावर बसले आणि काही न बोलता गेले. खुर्च्या आवरताना शाळेतील शिपाई मावशी आम्हाला म्हणाल्या, "फादर, अकराला ती माणसं कामावर असतात. खाडा झाला की रोज बुडतो." आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे. ही गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

तिथे आम्हाला न्यायाचे दोन प्रकार शिकवले होते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ॲरिस्टॉटलकडून ते घेतले. एक देवाणघेवाणीचा न्याय : जितके पैसे तितका माल. दुसरा वाटपाचा न्याय, जो समूहाने आपल्या सभासदांना द्यायचा असतो. तिथे सर्वांना सारखे म्हणजे न्याय असे नसते, तिथे प्रमाण पाहावे लागते. पण कशाचे प्रमाण? ॲरिस्टॉटल म्हणतो की उत्तम बासरी श्रीमंताला किंवा कुलीनाला न देता उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी. सभेत एका पालकांनी नेमके हेच वेगळ्या शब्दांत मांडले : हुशार मुलांना हुशार शिक्षक. त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते आणि त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचले नाही.

आता सुचते ते असे. वाजवता येणाऱ्याला बासरी द्यावी, हे ठीक. पण शिक्षक ही बासरी नव्हे, शिक्षक वाजवायला शिकवणारा आहे. शिकवणाऱ्याची गरज कोणाला अधिक? ज्याच्या घरी संध्याकाळी वही उघडून शेजारी बसणारी आई आहे, क्लासची फी भरणारा बाप आहे, त्याला शाळेतील बाई थोड्या कमी पडल्या तरी तो तरून जातो. दुसऱ्याला शाळेतल्या बाईंशिवाय कोणीच नाही. वैद्याची गरज निरोग्यांना नसते असे प्रभूने सांगितले, तेव्हा त्याने निरोग्यांचा अपमान केला नव्हता.

मात्र एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. शिक्षक हे पळीने वाढायचे वरण नव्हे. त्यालाही घर आहे. आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी वसई लोकलच्या रुळांवर, तर जव्हार आणि मोखाडा पार घाटावर. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या शाळांची 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशी क्षेत्रे केली आणि बदल्या संगणकावर नेल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदली मागण्याचा अधिकार मिळाला. चिठ्ठीचपाटीला त्यामुळे आळा बसला, हे थोडे नाही. तान्हे मूल सासूकडे ठेवून जव्हारला खोली घेऊन राहणे म्हणजे काय, हे शिक्षिकांना विचारावे. त्यांना आम्ही दोष देणार नाही. आजारी, अपंग, विधवा, पती-पत्नी एकत्रीकरण, सर्वांचा विचार त्या निर्णयात आहे आणि तो योग्यच आहे. पण पाड्यावरच्या ज्या मुलाचे गुरुजी बदलून गेले, त्याने कोणता अर्ज भरायचा?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. गुरुजी कोण येणार आणि कोण जाणार, हे मात्र त्या समितीच्या हाती नसते. आपल्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या कायद्याबाहेर ठेवले. 2025 मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालाविषयी शंका घेतली. तो वाद वकील पाहतील. घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला तो आपण थोडे आहोत म्हणून. त्या शाळेत जे आपल्याहूनही थोडे आणि मुके आहेत, त्यांना शेवटची पळी मिळत असेल तर तो हक्क कशासाठी होता असे कोणी विचारल्यास आपण काय सांगणार?

आपल्याच जिल्ह्यात ह्या प्रश्नाला एकदा फार चांगले उत्तर दिले गेले आहे. 1945 साली ताराबाई मोडक ह्यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळा होती, शिक्षिका उत्तम होत्या, पण आदिवासी मुले येत नव्हती. मुलांना शिक्षणाची गोडी नाही असा शेरा मारून दोघी थांबू शकल्या असत्या. त्यांनी कारण शोधले : मुलांकडे गुरे राखायचे काम होते. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत आणि जवळच झाडाखाली बाई शिकवत. ताराबाई आणि अनुताई आपल्या ख्रिस्तसभेतील नव्हत्या. पण बुधवारी सकाळी अकराची सभा बोलावणाऱ्या आम्हाला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

म्हणून यंदा वेळापत्रक करण्यापूर्वी शनिवारी सायंकाळी साडेसहाला पाड्यावरच्या अंगणात सभा घ्यायची असे मुख्याध्यापिका सिस्टरांशी बोलून आम्ही ठरवले आहे. पाळकीय मंडळाचे दोन सभासद येतील. इतिवृत्त 'क' तुकडीच्याच एका आईने सांगायचे आणि आम्ही लिहायचे. ज्या पालकांचे फोन आम्हाला आले आहेत त्यांनीही यावे, सतरंज्या आम्ही आणू. 'अ' तुकडीचे गणिताचे काही तास कमी होतील अशी शक्यता आहे. "रिझल्ट पडला तर, फादर?" असे एका वडिलांनी विचारले आहे. पडू शकतो. तसे होणार नाही अशी हमी आम्ही देऊ शकत नाही आणि त्यांना तसे सांगितले आहे.

वाडीमालकांना एक विनंती आहे. त्या शनिवारी आपल्याकडील मजुरांना तासभर आधी सोडावे, आणि त्या तासाचा रोज कापू नये.

आपले धर्मगुरू