पक्षाचा आदेश आणि विवेकाचा आवाज

अलीकडच्या वर्षांत मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर आम्हांला एक प्रश्न अनेकदा विचारला गेला : ‘फादर, पक्ष बदलणे हे पाप आहे काय?’ जून २०२२ मध्ये सत्तेवर असलेली शिवसेना फुटली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निकाल दिला आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभेच्या अध्यक्षांनी दोन्ही गटांतील एकाही आमदारास अपात्र ठरविले नाही. कायद्याचा कीस पुष्कळ पाडला गेला. परंतु पायऱ्यांवर थांबणाऱ्या माणसांना कायदा विचारायचा नव्हता. त्यांना नीती विचारायची होती.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात फार पूर्वी झाला आहे. संसदीय कार्यपद्धतीचे अभ्यासक सुभाष कश्यप यांनी १९६७ च्या निवडणुकांनंतर उसळलेल्या पक्षांतरांच्या लाटेवर संशोधन करून १९६९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला. सात राज्यांतील पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्रिमंडळांत जाऊन बसले होते, असे त्या समितीने नमूद केले. निम्म्याहून अधिक जणांच्या मतपरिवर्तनाला खुर्ची लाभावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

म्हणून १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले. स्वेच्छेने पक्ष सोडणारा, तसेच पक्षादेश अर्थात व्हिप डावलून मत देणारा वा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू लागला. एकतृतीयांश सदस्य एकत्र फुटल्यास मोकळीक होती. ती २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली. दोनतृतीयांशांनी विलीनीकरण करण्याची वाट मात्र उघडीच राहिली. येथे नीतीचा विचार करणारा माणूस अडखळतो. एकट्याने केले तर अपराध आणि घोळक्याने केले तर विलीनीकरण, हे कसे? शिवाय एखादे विधेयक ज्या सदस्याला मनापासून अन्यायाचे वाटते, त्याने काय करावे? लाचखोराला आवरण्यासाठी आणलेल्या दोरीने प्रामाणिक माणसाचे हातही बांधले गेले आहेत. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने ही सक्ती सरकारच्या अस्तित्वाशी निगडित अशा मतदानापुरती मर्यादित ठेवण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

सभागृहाचे नियम मुळात कोणासाठी असतात? योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाचा प्रसंग आठवावा. आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरविता येत नाही, याची आठवण त्याने आपल्या सहकाऱ्यांना करून दिली. आजच्या भाषेत त्याने हरकतीचा मुद्दा उपस्थित केला आणि त्याबद्दल टोमणा सोसला. अरिमथाईचा योसेफ हाही न्यायसभेचा सभासद. त्याने त्या सभेच्या निर्णयाला संमती दिली नव्हती, अशी नोंद संत लूक करतो. बहुमताला नियमांवाचून निभावता येते. नियमांचा आधार लागतो तो एकट्या पडलेल्याला. जो नियम एकट्याचेच तोंड बंद करतो, त्याचा पुनर्विचार व्हावयास हवा.

तथापि विवेकाचे नाव घेणारा प्रत्येक जण निकदेम नसतो. मग खरा विवेक ओळखावा कसा? आम्हांला एक साधी कसोटी सुचते. भूमिका बदलताना त्या माणसाने किंमत मोजली की किंमत घेतली, हे पाहावे. किंमत मोजणाराही चुकू शकतो, हे खरे. पण किंमत घेणाऱ्याचा दावा या कसोटीपुढे टिकत नाही. संत थॉमस मोर यांनी १५२३ मध्ये इंग्लंडच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष असताना सदस्यांना निर्भयपणे बोलू द्यावे, अशी विनंती आठव्या हेन्री राजास केली होती. पुढे राजाची धर्मविषयक भूमिका विवेकाला पटेना, तेव्हा १५३२ मध्ये त्यांनी चॅन्सेलरपद सोडले आणि १५३५ मध्ये प्राण दिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली त्यांना राजकारणी व्यक्तींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

इतक्या दूरही जावयास नको. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसश्रेष्ठींशी पटले नाही. त्यांनी पदे सोडली, पंडित मालवीयांसमवेत वेगळा पक्ष काढला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत आपला मतभेद मतदारांपुढे मांडला. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. त्यांची सर्व मते त्या काळीही सर्वांना मान्य नव्हती. परंतु मतभेदाची त्यांची रीत सरळ होती. मधु लिमये यांनीही १९७६ मध्ये तुरुंगातून लोकसभेचा राजीनामा पाठविला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले असता सभागृहाने आपली मुदत आपणच वाढवून घ्यावी, हे त्यांना मान्य नव्हते.

तेव्हा पायऱ्यांवरील प्रश्नाला आमचे उत्तर असे : पक्ष बदलणे हे स्वतःच पाप नव्हे. परंतु सभागृहातील जागा ही मतदारांची ठेव आहे. ज्या शब्दावर ती मिळाली, तो शब्द विवेकाला पाळवत नसेल, तर ठेव परत करावी आणि नव्या शब्दावर ती पुन्हा मागावी. ठेव खिशात घालून घर बदलणे हा विश्वासघात होय.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. मतदानाच्या आदल्या रात्री दारात आलेले पाकीट जे कुटुंब घेते, त्याने आमदाराला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आम्हा धर्मगुरूंनीही अंतर्मुख व्हावे. ‘फादर, मत कोणाला द्यावे?’ असे कोणी श्रद्धेने विचारले की नाव सांगून टाकण्याचा मोह होतो. ते नाव सांगितले, की आम्हीही एक पक्षादेशच काढलेला असतो. विवेक घडविण्यास साहाय्य करणे हे आमचे काम. त्याच्या वतीने मत देणे हे नव्हे. म्हणून हल्ली असा प्रश्न आला की आम्ही नाव सांगत नाही. विचारणाऱ्याला घटकाभर जवळ बसवून घेतो आणि त्याचे स्वतःचे मत काय आहे, ते आधी ऐकतो.