पत्रावळ आणि प्रसादाचे पावित्र्य

॥ ॐ नमः शिवाय ॥

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात दर्शनास येणारा भाविक सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातो, तेव्हा त्यास श्रींचे दर्शन घडते. शिलाहार राजांच्या काळात उभे राहिलेले हे मंदिर असून येथील शिलालेखात शके ९८२, म्हणजेच इ. स. १०६० या वर्षाची नोंद आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे या पायऱ्यांवरून बेल, फुले, दूध आणि पाणी घेऊन भाविक उतरत आले. त्यांनी वाहिलेले सारे सुकले, मातीस मिळाले आणि पुढच्या भाविकाच्या बेलाला जागा मोकळी झाली. याच मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते. तिच्या पात्रात मात्र अशा वस्तू जाऊन पडतात, की ज्या टाकणाऱ्याच्या नातवंडांनंतरही मातीस मिळणार नाहीत. एकदाच वापरून फेकलेली प्लास्टिकची ताटली, थर्माकोलचा पेला, पातळसा चमचा या त्या वस्तू होत. यांतील पुष्कळशा वस्तू कोणी अधर्म म्हणून टाकलेल्या नसतात. प्रसाद घेऊन, हात जोडून, समाधानाने त्या टाकलेल्या असतात. म्हणूनच या विषयाचा विचार देवदर्शनास आलेल्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

लय हे शिवाचे कार्य

ब्रह्मदेव उत्पत्ती करतात, श्रीविष्णू पालन करतात आणि महादेव लय करतात, अशी आपली श्रद्धा आहे. लय म्हणजे केवळ नाश नव्हे. जे जेथून आले तेथे त्याने परत जाणे, म्हणजे लय. बी रुजण्यासाठी आधीचे पान कुजावे लागते. म्हणून लयाचा स्वामी हाच कल्याणाचाही स्वामी, ‘शिव’, मानला गेला. श्रावणात पार्थिव लिंगाची पूजा होते, तेव्हा भाविक मातीचे लिंग घडवितो, त्यावर अभिषेक करतो आणि पूजा संपताच त्याचे विसर्जन करतो. साक्षात देवाचे रूपही जेथे मातीला परत दिले जाते, तेथे देवाच्या प्रसादाची ताटली परत देता येऊ नये, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

प्लास्टिकला लय नाही. पान कुजविणारे सूक्ष्म जीव त्याला पचवू शकत नाहीत. उन्हाने ते ठिसूळ होते, तुटते, तुकड्यांचे कण होतात. परंतु कण झाले तरी ते प्लास्टिकच राहते. हे कण पाण्यात, मासळीच्या पोटात आणि मिठातही सापडले आहेत. मानवी रक्तातही ते आढळल्याचे २०२२ मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दहा मिनिटांच्या सोयीसाठी घेतलेली वस्तू अशा रीतीने पुढील पिढ्यांच्या अन्नात परत येते. कार्यक्रम आटोपल्यावर ताटल्यांचा ढीग पेटवून देणे हाही उपाय नव्हे. थर्माकोल जळताना निघणारा काळा धूर विषारी असतो आणि तो प्रथम शेजारच्या वस्तीतील लेकरांच्या छातीत जातो.

सोमसूत्र ओलांडू नये

शिवमंदिरात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. अभिषेकाचे जल जेथून बाहेर पडते, त्या सोमसूत्राशी भाविक थांबतो आणि मागे फिरतो. श्रींना स्पर्शून आलेले पाणी पायांनी ओलांडले जाऊ नये, ही त्यामागील भावना. अशिक्षित वृद्धेपासून उच्चशिक्षित तरुणापर्यंत सर्वजण हा नियम कोणी न सांगता पाळतात. मात्र तेच पाणी पुढे ओढ्याला आणि नदीला मिळते, याचा विसर पडतो. जे पाणी देवळात ओलांडणे पाप, तेच पाणी देवळाबाहेर नदी झाले की त्यात उष्टी ताटली टाकण्यास संकोच वाटत नाही. सोमसूत्राचा आदर खरोखरीच मनात असेल, तर तो देवळाच्या भिंतीशी संपता कामा नये.

वालधुनी अंबरनाथजवळील डोंगरांत उगम पावून अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या शहरांतून वाहत उल्हास नदीस मिळते. उल्हास नदी सह्याद्रीतून निघून कर्जत, बदलापूर असा प्रवास करीत वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. बदलापूर येथे या नदीवरील बंधाऱ्यातून पिण्याचे पाणी उचलले जाते. म्हणजे नदीत टाकलेली वस्तू परक्या घरी जात नाही.

वालधुनीचे दुखणे केवळ ताटल्यांचे नाही, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारखान्यांची रसायने आणि शहरांचे सांडपाणी यांनी तिची मोठी हानी केली आहे. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर येथे तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनाच्या वाफांनी शेकडो नागरिकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ते दुखणे दूर करणे हे शासनाचे व उद्योगांचे कर्तव्य होय. परंतु दुसऱ्याचे पाप मोठे म्हणून आपले लहान पाप पुण्य ठरत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात या संपूर्ण परिसराने पाणी घरात शिरताना पाहिले. मुंबईत सांताक्रूझ येथे त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस दैवी होता. गटारे आणि नाले तुंबविणाऱ्या प्लास्टिकचा वाटा मानवी होता. त्यानंतरच २००६ मध्ये राज्यात पातळ प्लास्टिक पिशव्यांवर निर्बंध आले.

उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी बांधवांनी कष्टाने वसविलेले नगर. त्यांचे आराध्य दैवत झुलेलाल हे जलदेवता वरुणाचे रूप मानले जाते. चेटीचंडला तेथे पाण्याचीच पूजा होते. एका तीरावर शिवाचा अभिषेक आणि दुसऱ्या तीरावर झुलेलालची ज्योत! ज्या भूमीत दोन्ही परंपरा पाण्याला देव मानतात, त्या भूमीतील नदी स्वच्छ ठेवणे हे दोघांचेही सामाईक व्रत ठरावे.

श्रीकृष्णाने उचललेल्या पत्रावळी

धर्मराजांच्या राजसूय यज्ञाची कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकलेली आहे. यज्ञातील कामांची वाटणी झाली. कोणी कोषागार सांभाळला, कोणी दानधर्म पाहिला, कोणी पाहुण्यांचे स्वागत केले. भगवान श्रीकृष्णांनी मात्र अतिथींचे पाय धुणे आणि जेवणानंतर उष्ट्या पत्रावळी उचलणे हे काम मागून घेतले. ज्यांना त्याच यज्ञात अग्रपूजेचा मान मिळाला, त्यांच्याच हातांनी पंगतीची जागा स्वच्छ झाली.

या कथेतून अन्नदात्याने घेण्याचा बोध असा, की पंगत वाढून झाली म्हणजे अन्नदान पूर्ण झाले असे नाही. शेवटची पत्रावळ उचलली जाऊन योग्य ठिकाणी पोहोचते, तेव्हा ते पूर्ण होते. आज दाता धान्य देतो, तूप देतो, आचारी देतो. पण उष्ट्याचे काय होणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो भार नगरपालिकेच्या सफाई कामगारावर, नदीवर आणि मुक्या जनावरांवर पडतो. अन्नाच्या वासाने गाय प्लास्टिकची पिशवी गिळते. ती तिच्या कोठीपोटात साचत जाते आणि पोट भरलेले असूनही ती उपाशी मरते. नंदीच्या कानात मनोरथ सांगणाऱ्या भाविकाने नंदीच्या कुळाची ही वेदनाही ऐकली पाहिजे.

तीन दलांचा बेल, तीन पानांचा पळस

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. बेलही त्रिदल आणि पळसही त्रिदल. बेलाचे पान देवाला आणि पळसाचे पान देवाच्या भक्ताला, अशी जणू निसर्गानेच योजना केली आहे. चोयांनी टाचलेली पळसाची पत्रावळ आणि द्रोण गरम वरणभात सहज पेलतात आणि वापरानंतर खतखड्ड्यात गेल्यावर काही महिन्यांत माती होतात. आजूबाजूच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी भगिनींच्या हातांना त्यातून काम मिळते, हे आणखी एक पुण्य.

मात्र पळसाचे वेळापत्रक यंत्राचे नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास पळसाची पाने झडून तो फुलावर येतो. त्यामुळे त्या यात्रेच्या पत्रावळी बऱ्याच आधी लावून, वाळवून ठेवाव्या लागतात. आदल्या दिवशी धावपळ करणाऱ्या दात्याला बाजारात प्लास्टिकच मिळते. अन्नदानाचा संकल्प करतानाच पत्रावळींचाही संकल्प केला, तर ही अडचण येणार नाही.

केळीचे पान, सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी दाबून केलेली ताटली, उसाच्या चोथ्यापासून बनविलेले ताट हेही चांगले पर्याय आहेत. कागदी व चंदेरी पत्रावळींबाबत सावध असावे. त्यांवर पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ थर असतो. ताटली भिजवून फाडून पाहावी. पारदर्शक पापुद्रा सुटून आला, तर ती नावाचीच कागदी समजावी. चहाच्या कागदी पेल्यांनाही आतून बहुधा असाच थर असतो.

जेथे रोजचे अन्नदान आहे, तेथे स्टीलच्या ताटांना तोड नाही. शिर्डी आणि शेगाव येथे दररोज हजारो भाविक स्टीलच्या ताटांत महाप्रसाद घेतात. गुरुद्वारांच्या लंगरात धनवान मनुष्यही भांडी घासण्यास बसतो आणि ती सेवा समजतो. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ‘एक थाली, एक थैला’ या मोहिमेतून देशभरातील घरांतून ताटे व कापडी पिशव्या जमवून यात्रेकरूंना देण्यात आल्या. भांडी धुण्यास पाणी लागते, हा आक्षेप रास्त आहे. खरकटे आधी पुसून काढावे आणि वाहत्या नळाऐवजी ओळीने मांडलेल्या तीन टोपांतील पाण्यात भांडी धुवावीत; पाणी पुष्कळ वाचते.

कायदा आणि विवेक

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्माकोलच्या एकदाच वापरावयाच्या ताटल्या, पेले, वाट्या, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद त्यात आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनानेही अशा वस्तूंवर देशभर बंदी लागू केली. कायदा झाला; परंतु भंडाऱ्याच्या गर्दीत त्याचा विसर पडतो. दंडाच्या भयाने वस्तू लपते, विवेकाने ती सुटते.

या बंदीमुळे लहान कारखानदार व विक्रेते यांच्या चरितार्थास झळ बसली, हेही विसरता येणार नाही. तो दुकानदार शत्रू नव्हे. ग्राहक मागेल तेच तो ठेवतो. दात्यांनी पत्रावळी व द्रोण मागण्यास सुरुवात केली, तर त्याच दुकानाच्या फळीवर उद्या पळस दिसेल आणि त्याच्या घरची चूलही पेटती राहील.

गाडगेबाबांचे गाडगे

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की प्रथम हाती झाडू घेत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्याजवळ असे ते एक गाडग्याचे खापर. त्यातच ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत आणि तेच त्यांचे नाव झाले. ज्या महापुरुषाने अनेक धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली, त्याला स्वतःसाठी एक पात्र पुरले. प्रवासास निघताना पिशवीत एक ताटली, एक पेला आणि एक चमचा ठेवणे हे तुलनेने किती सोपे आहे!

समुद्रमंथनातील हलाहल महादेवांनी जगाच्या रक्षणासाठी कंठी धारण केले. ते विष त्यांनी आपणहून घेतले. आपण घडविलेले विष त्यांच्या दारच्या नदीत सोडून तेही त्यांनीच पचवावे, अशी अपेक्षा करणे भक्तीला शोभणारे नाही.

भाविक व अन्नदाते यांस नम्र विनंती

१. दर्शनास येताना पाण्याची बाटली, पेला व कापडी पिशवी घरून आणावी.

२. अन्नदानाची नोंद करताना पत्रावळी, द्रोण व उष्टे उचलण्याची व्यवस्था यांचाही खर्च त्यात धरावा.

३. उष्टे अन्न व पत्रावळी एकत्र न टाकता खतखड्ड्यासाठी वेगळ्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोणतेही अन्न गाईपुढे ठेवू नये.

४. निर्माल्य नदीत सोडू नये. निर्माल्य कलशात ठेवावे. हाराचा दोरा व प्लास्टिकचे वेष्टन आधी काढून घ्यावे.

५. श्रावणात बदलापूरजवळील कोंडेश्वरासारख्या निसर्गरम्य स्थानी गेल्यास नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.

६. ज्यांना द्रव्यदान शक्य नाही, त्यांनी पंगतीनंतर दहा पत्रावळी उचलाव्यात अथवा दहा ताटे धुवावीत. श्रीकृष्णांनी स्वीकारलेली ही सेवा कोणत्याही देणगीहून उणी नाही.

श्रींच्या कृपेने पुढील महाशिवरात्रीस वालधुनीच्या काठी पंगत बसेल, उठेल आणि तेथे मागे केवळ समाधान उरेल, ही प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥