विझलेला दिवा

निवांत बसा. श्वास चालला आहे तसा चालू द्या. डोळे मिटले तरी चालेल, पण मग वाचून दाखवायला कुणाला तरी बसवा.

पहाटेचे ४. तारीख २८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंडवरचं अणुवीज केंद्र. दुसऱ्या युनिटच्या कंट्रोल रूममध्ये तुम्ही रात्रपाळीला आहात. समोर लांबच लांब पॅनेल, त्यावर शेकडो दिवे. सगळं शांत. जरा तिथेच थांबा.

पाण्याचे पंप बंद पडतात. टर्बाइन थांबतं, काही सेकंदांत अणुभट्टीही आपोआप बंद होते. मग घंटा. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे, महत्त्वाचे नि किरकोळ एकाच पंगतीला. यातला कोणता ऐकाल? सावकाश ठरवा. त्या रात्रीच्या चालकांना तेवढी सवड नव्हती.

आता नजर एकाच दिव्यावर आणा. वाढलेला दाब सोडायला एक व्हॉल्व उघडला होता. दाब उतरला की तो मिटायचा. दिवा विझला. हुश्श. हा सुटकेचा श्वास पुरता सोडा, आणि मग पाहा: दिवा व्हॉल्वची स्थिती दाखवतच नाही. 'मिट' हा हुकूम सुटला, एवढंच तो सांगतो. हुकूम पाळला गेला का, हे त्याला ठाऊक नाही. व्हॉल्व उघडाच अडकला आहे आणि गाभा थंड ठेवणारं पाणी त्यातून निघून चाललं आहे.

दुसऱ्या एका दिव्यावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबते आहे. आणीबाणीच्या पाण्याची वाट बंद असल्याची खूण तिच्याआड. ८ मिनिटं ती कुणाला दिसत नाही.

गाभ्यात पाणी किती, हे थेट दाखवणारा काटाच नाही. जो आहे तो दुसऱ्या टाकीची पातळी दाखवतो, आणि ती चढते आहे. पाणी जास्त झालं असं समजून तुम्ही येणारं पाणी कमी करता. शिकवलं होतं तसंच.

घरची शेगडी आठवा. कोणतं बटण कोणत्या बर्नरचं, हे बघायला अजूनही वाकावं लागतं ना? चुकलो की स्वतःलाच वेंधळे म्हणतो. बटणं मांडणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. या अपघातानंतर गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या चौकशी आयोगाने तो लावला. चालकांच्या चुका नोंदवल्याच, पण प्रशिक्षण, नियमपुस्तकं आणि कंट्रोल रूमची मांडणी यांनाही सोडलं नाही. मला हा न्याय पटतो.

पुन्हा त्या खोलीत या. घंटा चालूच आहेत. रात्रभर त्या न ऐकलेला, पुढच्या पाळीचा एक माणूस आत येतो, तापमानाचे आकडे बघतो आणि अडकलेल्या व्हॉल्वच्याच वाटेवरचा दुसरा व्हॉल्व बंद करायला सांगतो. घड्याळात ६ वाजून २२ मिनिटं. जवळजवळ अर्धा गाभा वितळला होता, हे पुढे कित्येक वर्षांनी आत कॅमेरा सोडल्यावर कळलं.