अकरा मोदकांची बाकी

मित्रांच्या कुठल्याही सहलीला एक खजिनदार लागतो, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला त्या पदासाठी निवडणूक लढवावी लागत नाही. बँकेतला कारकून म्हटलं की लोकांचे दोन समज होतात. एक, याच्याकडे पैसे असतात. दोन, याला दुसऱ्याचे पैसे मोजायला आवडतं. पहिला समज दर महिन्याच्या वीस तारखेला खोटा ठरतो. दुसऱ्यात मात्र तथ्य आहे. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं लोटली, पण डेबिट-क्रेडिट सोडलं तर अंगात मुरली ती एवढी एकच गोष्ट. मी जिने चढताना पायऱ्या मोजतो. लग्नात पंगती मोजतो. घरी एकदा हिने लाटलेल्या पोळ्या मोठ्याने मोजल्या होत्या. पुन्हा मोजल्या नाहीत.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरून दिवेआगरला गेलो. बंडूचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिन्या शाळेत गणित शिकवतो. आप्पा वकील. चौथा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याला आम्ही नुसतं ‘प्राध्यापक’ म्हणतो, कारण घरीही त्याला तसंच म्हणतात. पाचवा मी, वर्गणीच्या पाकिटासह.

चाळिशी उलटलेले पाच पुरुष समुद्रावर जाऊन काय करतात, हे फारसं सांगण्यासारखं नाही. चार किलोमीटरचा तो किनारा, मागे सुरूचं बन, पुढे अख्खा अरबी समुद्र, आणि आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून एकमेकांच्या पोटांकडे बघत होतो. थोडा वेळ शाळेच्या आठवणी काढल्या. मग कुणाचा रक्तदाब किती ते निघालं. मग सगळ्यांना एकदम जेवणाची आठवण झाली.

राहायची आणि जेवायची सोय एका आजींकडे होती. सुपारीच्या वाडीत कौलारू घर, ओटीवर झोपाळा. कोकणात अशा ठिकाणी रात्रीच्या जेवणाची पानं सकाळीच सांगावी लागतात. आम्ही पाच पानं सांगितली होती आणि वर उकडीचे मोदक. पानाचा दर ठरलेला. मोदक मात्र नगावर; एका नगाला चाळीस रुपये.

वालाचं बिरडं झालं, सोलकढी झाली आणि मोदक आले. त्या मोदकांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तसे खाल्लेत त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांचा जीव जाळण्यात अर्थ नाही. कळ्या पाडलेला एकेक मोदक पानात पडे, आजी वरून तुपाची धार धरीत आणि म्हणत, “घ्या हो, अजून एक.” कोणीही नको म्हटलं नाही.

हात धुऊन ओटीवर आलो, तर आजी वही-पेन्सिल घेऊन उभ्या.

“कुणाचे किती हो झाले?”

आता मी मोजत होतो. मुद्दाम नव्हे, घड्याळ जसं टिकटिक करतं तसा मी मोजतो. बंडूने खाल्ले अकरा. बंडू म्हणाला, “आठ.” प्राध्यापकाने खाल्ले आठ, तो म्हणाला, “पाच.” आप्पाने सात खाल्ले, सहा सांगितले, पण त्याला साखर आहे, त्यामुळे त्याचा एक मोदक त्याने आजींपासून लपवला की डॉक्टरांपासून, हा मुद्दा विचारार्ह आहे. दिन्याने नऊ खाल्ले आणि म्हणाला, “असतील सात-आठ.” आजींनी सात लिहिले.

मग माझी पाळी. मी दहा खाल्ले होते. आणि मी, ज्याचा जन्म मोजण्यात गेला तो मी, अगदी सहज म्हणालो, “आठ.”

आजी वही मिटून आत गेल्या. मी झोपाळ्यावर बसलो, पण झोका घेववेना. मी खोटं का बोललो? पैसे वाचवायला म्हणावं, तर पैसे वर्गणीतले. दोन मोदकांचे माझ्या वाट्याला सोळा रुपये आले असते. सोळा रुपयांसाठी कोणी बेइमान होत नाही. मी बेइमान झालो तो केवळ बंडू आठ म्हणाला म्हणून. अकरा खाणारा आठ सांगतो आणि दहा खाणारा दहा सांगतो, तर पाचांत खादाड कोण ठरणार? माणूस लोभाने खोटं बोलतो असं आपण पुस्तकात वाचतो. मला वाटतं, निम्मं खोटं तो निव्वळ लाजेने बोलत असावा.

रात्री झोप लागेना. त्याला दहा मोदक कारण होतेच, पण आणखी एक कारण होतं.

चार वर्षांपूर्वी मी कॅश काउंटरवर होतो. संध्याकाळी रोकड जुळेना. पाच हजार कमी. आमच्याकडे रोकड जास्त भरली तर ती वेगळ्या खात्यात टाकून मालकाची वाट बघायची, आणि कमी भरली तर ज्याने मोजली त्याने खिशातून भरायची. मी भरले. पण पैसे कुणाकडे गेले हेही मला ठाऊक होतं. एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना पाचशेच्या पन्नास नोटा द्यायच्या, तिथे मी साठ दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी हळूच विचारलं, तर ते म्हणाले, “छे हो, बरोबर होते.” कायद्याने चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात, १८७२ च्या कराराच्या कायद्याचं ते ७२ वं कलम मी कॉलेजात पाठ केलं होतं, आणि तो आकडा आता माझ्या उरात सुरीसारखा बसला आहे. पण पुरावा कुठे होता? चार वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत आलो. ते मात्र दर महिन्याला येतात आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसतात.

आणि इथे ओटीवर अंथरूण टाकून मी काय करत होतो? अगदी तेच. फक्त मोदकांत.

सकाळी सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेलो. ती हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. १७ नोव्हेंबर १९९७ ला, संकष्टीच्या दिवशी, इथल्या एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. वजन किलोच्या वर. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरांनी तो मुखवटा वितळवून टाकला. २०२१ च्या नोव्हेंबरात देवळात पुन्हा सोन्याचा मुखवटा बसला. मी हात जोडले, पण डोळ्यांपुढे येत होती ती वाडी. मातीत हात, समोर किलोभर सोनं, आणि ते घरात न राहता देवळात गेलं.

“कायदाच आहे,” आप्पा म्हणाला. “१८७८ चा. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.”

दहा रुपयांच्या वरचं! मोदक चाळीसला होता.

आजींचं बिल चुकतं केलं आणि निघण्याआधी शेवटचं म्हणून पुन्हा किनाऱ्यावर गेलो. तिथे मला राहवेना. मी ओल्या वाळूत बोटाने हिशेब मांडला. खाल्ले पंचेचाळीस. सांगितले चौतीस. फरक अकरा. अकरा गुणिले चाळीस, चारशे चाळीस.

चौघेही वाळूकडे बघत राहिले. मग एकदम सगळे बोलू लागले.

“मी खोटं बोललोच नाही,” दिन्या म्हणाला. “मी सात-आठ म्हटलं.”

“नऊ खाल्ले होतेस. गणिताचा मास्तर ना तू?”

“अंदाजाने सांगितलं.”

नरो वा कुंजरो वा! तेवढ्या एका वाक्यापायी धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीवर आला. आमची गाडी घाटात शंभरदा तशी वर जाऊन खाली आदळली होती, त्यामुळे दिन्याला त्याचं काही वाटलं नाही.

“मोजायचं काम तिचं,” बंडू म्हणाला. “माझ्या दुकानात खिळे मी मोजतो. गिऱ्हाइकाला नाही विचारत, किती नेलेस म्हणून.”

प्राध्यापकाने मात्र कांट काढला. १७८५ सालच्या त्याच्या पुस्तकात एक दुकानदार आहे. तो लहान मुलालाही फसवत नाही, पण धंदा नीट चालावा म्हणून. म्हणजे कृती योग्य, तरी तिला नैतिक मूल्य नाही. “आता आपण पैसे दिले,” प्राध्यापक म्हणाला, “तर ते केवळ मनाची टोचणी थांबावी म्हणून. म्हणजे मूल्य शून्य. मग द्यायचे कशाला?” तीन मोदक लपवणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञान इतकं कामी येताना मी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात एक लाट आली आणि माझा हिशेब पुसून गेली.

“बघ!” बंडू ओरडला. “समुद्राने राइट ऑफ केलं!”

“राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे,” मी म्हटलं. हे वाक्य मी कर्जदारांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते तोंडातून आपोआप आलं. “पुस्तकातून रक्कम काढली तरी वसुली चालूच राहते.”

“मग फोनवरून पाठवून दे,” आप्पाने तडजोड काढली. “गाडी माणगावच्या पुढे गेली की. म्हणजे तोंड दाखवायला नको.”

मला ते क्षणभर पटलंही. पण आजींच्या वहीत ते पैसे कोणत्या खात्यावर पडणार? कशाचे, कुणाचे, कळायला नको? वर्गणीचं पाकीट घेऊन मी एकटाच वाडीकडे चालू लागलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर चौघे येत होते. जरा अंतर राखून.

आजी ओटीवर सुपारी सोलत होत्या. मी घसा साफ करून म्हटलं, “आजी, काल रात्री मोदकांची थोडी चूक झाली. चौतीस नव्हे, पंचेचाळीस.”

“हो,” त्या सुपारीवरून नजर न काढता म्हणाल्या. “पन्नास केले होते, पाच उरले.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक असायला काय हो? पुरुष मंडळी कमीच सांगतात. बायका बरोबर सांगतात. लहान मुलं तेवढी जास्त सांगतात. त्यांचं मी कापते.”

“मग तुमचं नुकसान?”

“ते धरूनच दर लावलाय. नाहीतर पस्तीसच लावला असता.”

मी थक्क झालो. बुडीत कर्जासाठी तरतूद! बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे मला नीट समजलं नाही ते ही बाई चुलीशी बसून करत होती. म्हणजे आजींना आम्ही लुबाडलंच नव्हतं. लुबाडलं होतं ते आमच्या आधी कधीतरी त्याच ओटीवर बसून खरा आकडा सांगून गेलेल्यांना. मोदकामागे पाच रुपये. त्यांचे पत्ते आता कुठे शोधायचे?

मी चारशे चाळीस पुढे केले. मला वाटलं, आजी नको म्हणतील. त्यांनी ते शांतपणे मोजून घेतले, वहीत लिहिले आणि उरलेले पाच मोदक केळीच्या पानात बांधून दिले. “वाटेत खा,” म्हणाल्या. “यांचे पैसे नकोत.” आप्पाने आपला बंडूला दिला. बंडूने तो खाल्ल्याचं कबूलही केलं.

सोमवारी मी पुन्हा कॅशवर होतो. साडेअकराला पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ आले. पंचवीस हजार. मी पन्नास नोटा यंत्रात दोनदा मोजल्या, हाताने एकदा मोजल्या आणि खिडकीतून सरकवल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघणं मला जड गेलं.

त्यांनी नोटा न मोजताच पिशवीत टाकल्या.

“मोजून घ्या ना,” मी म्हटलं.

“छे हो,” ते नेहमीसारखे प्रेमाने हसले. “तुमच्या मोजण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.”