कृतज्ञता, प्रदर्शन आणि आपले घर

१५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या समाजात दोन प्रवृत्ती दिसतात. एकाला हा दिवस दारावर, वाहनावर आणि मोबाईलवर ठळक दिसावा असे वाटते, कारण कुणीतरी आपली निष्ठा तपासत आहे ही भीती त्याच्या मनात असते. दुसरा म्हणतो, इस्लामने ईद दोनच दिल्या. या दिवसाशी आपला संबंध काय? दोघांच्याही नजरेतून मूळ प्रश्न निसटतो. ज्यांच्या त्यागावर आपले आजचे जीवन उभे आहे, त्या माणसांचे आपण काही देणे लागतो का?

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. उपकारकर्त्याचा धर्म ही त्यासाठी अट नाही. ताइफहून परतलेल्या प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केत मुतइम बिन अदी यांनी संरक्षण दिले. त्यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता व त्याच स्थितीत त्यांचे निधन झाले. तरीही, मुतइम हयात असते आणि त्यांनी रदबदली केली असती तर बद्रचे कैदी आपण त्यांच्याखातर सोडले असते, असे प्रेषितांनी सांगितल्याचे बुखारी यांनी नोंदविले आहे. कुणाच्या परलोकाचा निवाडा अल्लाहकडे आहे. उपकाराची जाण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

मात्र आदराला सीमा आहे. सूरह नूहमध्ये वद्द, सुवाअ आदी पाच दैवतांची नावे येतात. ती मुळात सदाचारी माणसांची नावे होती, असे ह. इब्ने अब्बास (रजि.) सांगतात. त्यांच्या मृत्यूनंतर आठवणीसाठी प्रतिमा उभारल्या गेल्या आणि पुढे ज्ञान लोपले तेव्हा त्यांची पूजा सुरू झाली. म्हणून आपल्या घरातील स्मरण हे पूजन नसते आणि तिसरी ईदही नसते. ती नागरी जीवनातील एक आठवण असते. तिला इबादतीचे रूप देऊ नये.

प्रदर्शनाचा धोका याहून सूक्ष्म आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात सोलापूरचे चार वीर फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. आपण मुलांना बहुधा चौथेच नाव सांगतो, तेही कुणी बोट दाखविले तर उत्तर तयार असावे म्हणून. कुर्बान हुसेन आपल्याला प्रमाणपत्र मिळवून देण्यासाठी फासावर गेले नव्हते. हुतात्म्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हा त्याचा सन्मान नव्हे. चारही नावे एका दमात सांगणे, हा खरा सन्मान होय.

घराचे महत्त्व येथेच आहे. तेथे प्रेक्षक नसतात, म्हणून तेथे नियतीची परीक्षा होते. मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. पतिपत्नीची अखेरची भेटही झाली नाही. एका घराने दिलेली ही किंमत आपल्या घरातील जेवणाच्या दस्तरख्वानावर सांगितली, तर मुलांना स्वातंत्र्य या शब्दाचे वजन कळेल.

पण सांगणाराही त्या शब्दाने बांधला जातो. होऊन गेलेल्या पिढीची कमाई तिच्यासाठी आणि तुमची तुमच्यासाठी, हे सूरह बकरामध्ये दोनदा बजावले आहे. पूर्वजांचे पुण्य आपल्या खात्यात जमा होत नाही. प्रेषितांनी तारुण्यात अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी झालेल्या 'हिल्फुल फुजूल' या करारात भाग घेतला होता. मालाची किंमत बुडविली गेलेल्या एका परक्या व्यापाऱ्याला न्याय मिळावा, हे त्या कराराचे निमित्त होते. आपल्याच घरात बहिणीचा वारसाहक्क दडपलेला असेल, कामगाराची मजुरी थकलेली असेल, तर स्वातंत्र्यवीरांची नावे घेण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या तोंडाने सांगता येईल?

म्हणून यंदा १५ ऑगस्टला घरात एक चरित्र सांगावे आणि एक थकलेला हक्क त्याच दिवशी चुकता करावा. अल्लाह आपल्याला कृतज्ञ आणि न्यायी बनवो. आमीन.